घरातला पहिला पीएस फोर: जेल रोडपासून सोफ्यापर्यंत

मे महिन्यात निकाल लागले की मला तीन-चार फोन ठरलेले. कधी वहिनीच्या माहेरचे, कधी रामबागेतले जुने शेजारी, एकदा तर आईच्या भजनी मंडळातल्या काकू. सगळ्यांचा प्रश्न एकच: "अगं, पोराला ते गेमचं मशीन हवंय. कुठलं घेऊ?" दिवसभर ऑफिसात आकडेमोड करायची आणि रात्री जेवणं आटोपली की दोन तास कंट्रोलर हातात घेऊन बसायचं, हा माझा कित्येक वर्षांचा नेम. त्यामुळे इंदूरच्या आमच्या गोतावळ्यात या विषयाचं खातं आपोआप माझ्याकडे आलंय. फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. ज्यांनी आयुष्यात कधी कंट्रोलर धरलेला नाही त्यांच्यासाठी हे आहे. जाणकारांनी मधल्या मधल्या ओळी सोडून दिल्या तरी चालेल.

माझं उत्तर आधीच सांगते: सेकंडहँड पीएस फोर, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन फोर, सीडीवाला. पटलं नाही तरी पुढचं वाचा, कारण तपासायच्या गोष्टी कुठल्याही मशीनला लागू पडतात.

आधी काय घ्यायचं नाही ते

पीएस फाइव्ह भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, तेव्हा सीडीवाल्याची किंमत ४९,९९० रुपये होती. घरात कोणाला खेळायला आवडतंय की नाही हेच माहीत नसताना एवढा आकडा पहिल्या दिवशी घालायचा, हे मला पटत नाही. त्याचाच डिजिटल अवतार थोडा स्वस्त पडतो, पण त्यात सीडी जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सीरीज एसचंही तेच. दिसायला गोंडस, पण सीडीला तोंडच नाही. सीडी नाही म्हणजे मित्राकडून मागून आणता येत नाही, खेळून झाली की विकता येत नाही, भाच्याला सुट्टीपुरती देता येत नाही. आपल्याकडे पुस्तकं, कुकर आणि लग्नातल्या पैठण्या जशा घरोघरी फिरतात, तशा सीड्याही फिरायला हव्यात. हा माझा हट्ट आहे आणि मी तो सोडणार नाही.

निंटेंडो स्विच लहान मुलांसाठी सगळ्यात गोड, हे कबूल. पण कंपनी भारतात तो अधिकृतपणे विकत नाही. मशीन, गेम, दुरुस्ती, सगळं आयात करणाऱ्यांच्या भरवशावर. त्यात निंटेंडोच्या स्वतःच्या गेमची किंमत वर्षानुवर्षं फारशी उतरत नाही.

पीएस फोर २०१३ सालचा. जगभरात अकरा कोटींच्या वर विकला गेला, त्यामुळे त्याच्या सीड्या ढिगाने सापडतात. "पण तो जुना झाला ना?" झाला. २०२३ चा दुसरा स्पायडर-मॅन त्यावर चालत नाही, आणि यापुढचे बहुतेक मोठे गेमही चालणार नाहीत. पण तुमचे मागच्या दहा वर्षांतले एकूण एक गेम खेळायचे राहिलेत. ते संपवता संपवता मुलगा कॉलेजात जाईल. आणि उद्या सीडीवाला पीएस फाइव्ह घेतलात तर पीएस फोरच्या जवळपास सगळ्या सीड्या त्यात चालतात, म्हणजे घेतलेलं वाया जात नाही.

पीएस फोरच्या तीन प्रकारांपैकी कुठला

मशीन उलटं करा. बुडाशी लेबलवर "सीयूएच" (CUH) आणि पुढे चार आकडे असतात. पहिला आकडा १ असेल तर सगळ्यात जुना, २ असेल तर स्लिम, ७ असेल तर प्रो. स्लिम घ्या. जुना खूप वापरलेला असण्याची शक्यता जास्त, आणि प्रोचा फायदा दिसायला फोर-के टीव्ही लागतो. स्लिमला टेपरेकॉर्डरला असायची तीच आठच्या आकड्यासारखी वायर लागते. हरवली तर शोधाशोध नाही, प्रत्येक मराठी घराच्या खणात ती एक तरी असतेच.

जेल रोडला जाताना

इंदुरात इलेक्ट्रॉनिकची सेकंडहँड खरेदी म्हणजे जेल रोड. गाडी लांब लावा आणि चालत जा, तिथे पार्किंग शोधण्यात अर्धा उत्साह संपतो. सोबत तीन गोष्टी न्या: कोणाकडून तरी मागून आणलेली एक चांगली सीडी, मोबाइल (टॉर्च आणि हॉटस्पॉट दोन्हीसाठी) आणि भरपूर वेळ. पोटात काहीतरी घालून जा. भुकेला माणूस घासाघीस लवकर सोडतो.

दुकानात मशीन बऱ्याचदा आधीच चालू करून ठेवलेलं असतं, समोर झगमगीत गेम. दुकानदार म्हणेल, "दीदी, एकदम टंच माल है, डॉक्टर साहब के लड़के का था." सेकंडहँड माल नेहमी डॉक्टर साहेबांच्याच मुलाचा असतो. हसा आणि म्हणा, भिया, बंद करके फिर चालू करो. पूर्ण बंद, वायर काढून. मग बटण दाबल्यावर एक टुक् आवाज येतो, दिवा निळा होतो आणि थोड्या वेळात पांढरा. निळाच लुकलुकत राहिला आणि टीव्हीवर काही उमटलं नाही, तर नमस्कार करून पुढच्या दुकानात.

आता मागची बाजू. एचडीएमआयच्या, म्हणजे टीव्हीची वायर लागते त्या खाचेत टॉर्च मारून डोळा लावून बघा. आत बारीक सोनेरी पिना ओळीने दिसतात, एकूण १९. एखादी वाकलेली असेल किंवा खाचच तिरकी बसली असेल तर घेऊ नका. मग वायर लावून हळूच डावी-उजवीकडे हलवा. चित्र गेलं-आलं तर समजा की खाच हलकी झालीय.

हे मी एवढं घोळवून सांगतेय कारण माझं पहिलं सेकंडहँड मशीन असंच गेलं. घरी आणलं, चार दिवस उत्तम चाललं. पाचव्या दिवशी आईने टीव्हीमागची धूळ पुसली आणि चित्र गायब. परत घेऊन गेले तर दुकानदार म्हणतो, "टीवी का प्रॉब्लम होगा दीदी." दुसऱ्या टीव्हीला लावून दाखवलं, तर म्हणतो वायर. वायर बदलून दाखवली, तर म्हणतो मंगळवारी या. तीन मंगळवार गेले. शेवटी डाग देणाऱ्या एका मोबाइलवाल्याकडे पैसे मोजून खाच बदलून घेतली. तेव्हापासून टॉर्चशिवाय मी दुकानाची पायरी चढत नाही.

पुढची परीक्षा सीडीची. तुमची आणलेली सीडी घाला, गेमचं चित्र येऊ द्या, सुरू करा, बाहेर काढा, पुन्हा घाला. कुरकुर-टकटक आवाज आला किंवा बाहेर टाकताना अडखळली तर सावध. पीएस फोरच्या सीडी-ड्राइव्हवरची सर्किटची पट्टी त्याच मशीनच्या बोर्डाशी जुळवलेली असते. दुसऱ्या मशीनची आणून जशीच्या तशी बसवली तर गेम वाचत नाही. म्हणून "ड्राइव बदल देंगे ना" हे वाक्य ऐकायला सोपं, करायला नाही.

एव्हाना गेम सुरू असेलच. तो वीसेक मिनिटं चालू द्या आणि मागच्या जाळीशी हात धरा. गरम हवा येणार, ते ठीक. पण पंखा विमान उडाल्यासारखा घोंघावत असेल तर आत धूळ साठलीय किंवा चिपवरची पेस्ट सुकलीय. हे दुरुस्त होतं, फक्त तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या.

वाट बघताना कंट्रोलर तपासा. तो टेबलावर ठेवून हात काढून घ्या आणि स्क्रीनकडे बघा. पडद्यावरचा माणूस किंवा कॅमेरा आपोआप एका बाजूला सरकत असेल तर अंगठ्याने फिरवायची काडी झिजलीय. कोणत्याही कंपनीच्या कंट्रोलरला म्हातारपणी हा रोग होतो. मधली काळी पट्टी दाबून टिक् वाजते का, छोट्या स्पीकरमधून आवाज येतो का, हेडफोन चालतो का, हेही बघा. नकली कंट्रोलर यातल्या एखाद्या ठिकाणी उघडा पडतो.

शेवटी हॉटस्पॉट चालू करून स्वतःच्या खात्याने लॉगिन करा. खातं घरूनच मोबाइलवर बनवून न्या. कंपनीने बंदी घातलेलं मशीन इथे पकडलं जातं. मग सेटिंग्जमध्ये जाऊन इनिशियलाइज करून घ्या, म्हणजे आधीच्या मालकाचं नावगाव पुसलं जाईल. बिलावर मशीनचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि किती दिवसांची चेकिंग वॉरंटी ते दुकानदाराच्या अक्षरात. तोंडी नको. भाव किती द्यावा हे मी सांगत नाही, तो दर महिन्याला हलतो. मोबाइलवर सेकंडहँडच्या पाच-सहा जाहिराती बघून मधला आकडा डोक्यात ठेवा.

जेल रोडवरचा जेलब्रेक

हे वेगळं सांगायला हवं, कारण नवखे इथे हमखास फसतात. "जेलब्रेक करके देता हूँ, पचास गेम फ्री." ऐकायला लॉटरी. म्हणजे काय, तर मशीनचं जुनं सॉफ्टवेअर फोडून त्यात चोरीचे गेम भरलेले. असं मशीन पुढे अपडेट करता येत नाही, केलं की जेलब्रेक जातो. अपडेट नाही म्हणून नवी सीडी घातली की ती आधी अपडेट मागते. ऑनलाइन गेलात तर बंदीची टांगती तलवार. शिवाय पचास गेम असले की मूल एकही धड खेळत नाही. प्रत्येक गेम पाच मिनिटं, लग्नाच्या बुफेत ताट भरून घ्यावं आणि उष्टं टाकावं तसं. सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग सिस्टिम इन्फर्मेशन इथे सॉफ्टवेअरचा आकडा दिसतो. दुकानदार अपडेट करायला का कू करत असेल तर कारण हेच.

घरी आणल्यावर

शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवू नका. मागे-बाजूला वीतभर मोकळी जागा हवी. खाली क्रोशाचा रुमाल नको, वर गणपती नको. उन्हाळ्यात दुपारी लांबलचक खेळणं टाळा. माळव्याच्या रात्री गार असतात, त्यांचा फायदा घ्या. वीज जाते-येते अशा भागात राहत असाल तर जुना फ्रिजचा स्टॅबिलायझर नको, साधा चांगला सर्ज प्रोटेक्टर पुरे.

सीडी घातली की गेम हार्ड डिस्कवर कॉपी होतो. नंतर सीडी फक्त किल्लीसारखी लागते, पण प्रत्येक वेळी लागते. इंटरनेट जोडलं की लगेच कित्येक जीबीचं अपडेट यायला लागतं आणि मूल डोळ्यात पाणी आणून टक्के मोजत बसतं. म्हणून वाढदिवसाला भेट द्यायची असेल तर आदल्या रात्री चोरून सगळं भरून ठेवा. जागा कमी पडली तर घाबरू नका, आत लॅपटॉपचीच अडीच इंची हार्ड डिस्क असते आणि ती बदलायची मुभा कंपनीनेच दिलीय.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये "गेम मोड" शोधून चालू करा. नवे टीव्ही चित्र गुळगुळीत करायच्या नादात ते किंचित उशिरा दाखवतात. मालिका बघताना कळत नाही, गेममध्ये उडी मारायचं बटण दाबलं की माणूस खड्ड्यात पडल्यावर उडी मारतो. याच उशिरापायी आमच्या माळ्यावरची गेमची जुनी बंदूक निकामी झाली. नव्वदच्या दशकात रामबागेत आमच्याकडे कॅसेटवालं मशीन होतं, त्यात बदकं मारायचा गेम. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपायचा, दिसला तर नेम लागला. ते सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या तत्परतेवर बेतलेलं. मागच्या दिवाळीत दादाने हौसेने ती नव्या टीव्हीला जोडली आणि तासभर एक बदक पडलं नाही. बंदुकीत बिघाड नव्हता, टीव्ही आळशी होता.

पहिला तास

इथे धीर धरा, आणि शिकवणाऱ्याने तोंड बंद ठेवायला शिका.

आधी बटणं. कंट्रोलरवर त्रिकोण, चौकोन, गोळा आणि फुली. आपल्याला सोयीचं, सगळ्यांनी वहीच्या मागच्या पानावर फुली-गोळा खेळलेलं असतं. पण एक गंमत आहे. आईला मी म्हटलं, "हो म्हणायचं असेल तर फुली दाब." ती प्रत्येक वेळी गोळा दाबायची आणि मागच्या पानावर जायची. चिडून म्हणाली, "फुली म्हणजे चूक ना गं? बाई वहीत चुकीवरच फुली मारायच्या." तिचं बरोबर होतं! जपानमध्येही गोळा म्हणजे बरोबर आणि फुली म्हणजे चूक, आणि तिकडे कित्येक वर्षं प्लेस्टेशनवर गोळाच "हो" होता. बाहेरच्या देशांसाठी ते उलटं झालं, आणि पीएस फाइव्हपासून जपानलाही फुलीच स्वीकारावी लागली. तेव्हा घरातलं मोठं माणूस चुकत असेल तर हसू नका, त्यांचं शाळेतलं शिक्षण पक्कं आहे.

मग दोन काड्या. आम्ही जुने खेळाडू हे पार विसरलोय की डाव्या अंगठ्याने चालायचं आणि त्याच वेळी उजव्या अंगठ्याने मान वळवायची ही सायकल शिकण्याइतकी अवघड गोष्ट आहे. नवखा माणूस डावी काडी ढकलतो, उजवी विसरतो आणि जमिनीकडे बघत भिंतीवर चालत राहतो. मग उजवी आठवते, तर आकाश दिसायला लागतं. आई पहिल्या दिवशी वीस मिनिटं एका खोलीत छत न्याहाळत होती. अशा वेळी "दे इकडे, मी करून देतो" म्हणून कंट्रोलर हिसकावलात तर ते माणूस पुन्हा हात लावणार नाही. शत्रू, वेळ, गुण काही नसलेल्या जागी दहा मिनिटं नुसतं फिरू द्या. सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचा वेग कमी करा, सबटायटल चालू करून अक्षर मोठं करा आणि अवघडपणा "ईझी"वर ठेवा. ईझीवर खेळणाऱ्याला नावं ठेवणारे महाभाग भेटतील, त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

कुठले गेम

हात दोन काड्यांवर बसेपर्यंत कॅमेरा आपोआप फिरतो असे गेम निवडा. "राजी" त्यासाठी छान. २०२० चा, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. हरवलेल्या भावाला शोधत निघालेली मुलगी, महाल, देवदेवता, भिंतीवरची चित्रं, सगळं ओळखीचं. मारामारी थोडी कच्ची आहे, पण आपल्या मातीतलं काहीतरी पडद्यावर बघून आई पहिल्यांदा सावरून बसली ती इथेच.

दोघांनी खेळायचं असेल तर "इट टेक्स टू". एकट्याने तो सुरूच होत नाही, पडदा मधोमध दुभागतो आणि दोघांना वेगवेगळी कामं. नवरा-बायकोने खेळावा, पण भांडण नसलेल्या दिवशी. चौघं असाल तर "ओव्हरकुक्ड टू": एकाने भाजी चिरायची, एकाने शिजवायची, एकाने भांडी घासायची आणि सगळ्यांनी ओरडायचं. गणपतीत पाहुण्यांनी भरलेल्या घरात याच्याइतका चालणारा गेम मी पाहिला नाही. फक्त कंट्रोलर चार असलेले बरे, ते शेजाऱ्यांकडून गोळा करा.

क्रिकेट हवंच असतं. माझ्या पिढीचं मन अजून ईएच्या "क्रिकेट ०७" मध्ये अडकलंय, ज्यात आपल्या खेळाडूंची नावं परवान्याअभावी वाकडीतिकडी केलेली असायची आणि तरी आम्ही रात्र रात्र खेळायचो. त्यानंतर ईएने क्रिकेट सोडलं. आता "क्रिकेट २४" घ्यावा लागतो. तो बरा आहे. बरा म्हणजे बराच. फलंदाजीचं टायमिंग जमायला आठवडा जातो, तोपर्यंत शून्यावर बाद व्हायची तयारी ठेवा. फुटबॉलची सीडी मात्र कधीही यंदाची घेऊ नका. गेल्या वर्षीची फार स्वस्तात मिळते, आणि फरक म्हणजे कोण कुठल्या संघात गेला एवढाच.

आई-बाबांनी एक बघा: डब्यावरचा १८ हा आकडा शोभेला नसतो. "जीटीए" मागणारा दहा वर्षांचा मुलगा "सगळे खेळतात" म्हणेल. सगळे खेळतात हे खरंय, तरी देऊ नका. खात्यात कार्ड जोडून ठेवू नका, लागेल तेवढ्याच रकमेचा कोड विकत घ्या. बहुतेक विकतचे गेम इतरांशी ऑनलाइन खेळायला पीएस प्लस या सोनीच्या सेवेची वर्गणी लागते, "फोर्टनाइट"सारख्या फुकट गेमना लागत नाही. पहिलं वर्षभर ती वर्गणी घेऊ नका, सोफ्यावर शेजारी बसून खेळा.

आणि एक वही करा. कुठली सीडी कोणाला दिली, तारीख, सही. मी पाच वर्षं ठेवतेय, साधी दोनशे पानी. आतली पहिली चार पानं फुकट घालवली, पाचव्यापासून "परत आली" असा रकाना पाडला. त्यात सगळ्यात वर दादाची नोंद आहे: क्रिकेट, १४ एप्रिल. पुढचा रकाना अजून कोरा आहे, आणि विचारलं की दादा मला त्या बंदुकीची आठवण करून देतो.